सुई न्या, चप्पल ठेवा

"भारताच्या आरोग्याचा पाया जांभुळटोल्यात घातला गेला, आणि तो घातला जात असताना मी तिथं हजर होतो," असं कंपाउंडर श्यामराव हटवार निवृत्तीनंतर मोहाडीच्या पानठेल्यावर दर बाजाराच्या दिवशी जाहीर करत. ऐकणाऱ्यानं नेमकी जागा विचारली, की मात्र त्यांचा आवाज थोडा उतरे. "दवाखान्याच्या मागं. संडासाला लागून."

पाया म्हणजे खड्डा होता. चार हात लांब, तीन हात रुंद, उभा माणूस दिसेनासा होईल इतका खोल. कचऱ्याचा. त्याच्या उभारणीत श्यामरावांचा वाटा एवढाच, की तो खणला जात असताना ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते आणि एकदा "थोडा डावीकडं घे" असं म्हणाले होते. खणणाऱ्या बाईनं तो उजवीकडं घेतला. तेच बरं झालं, कारण डावीकडं विहीर होती.

तरी श्यामराव अगदीच खोटं बोलत नसत. गोष्ट सांगण्यासारखी होती, आणि तिच्यात त्यांनी काय घाण केली तेही ते सांगत. फक्त दुसरं पान लावून झाल्यावर.

जांभुळटोल्याला सरकारी आरोग्य केंद्र होतं. तिथं डॉक्टर असत, म्हणजे येत आणि बदलून जात. सिस्टर निर्मलाबाई आणि कंपाउंडर श्यामराव मात्र इमारतीबरोबरच बांधून काढल्यासारखे कायम होते. त्या काळी सुई टोचून फेकून द्यायची चैन नव्हती. काचेची सिरिंज, स्टीलची सुई. स्टोव्हवर उकळायची, टोचायची, पुन्हा उकळायची. बोथट झाली की दगडावर घासायची. घासूनही ती कातडीत शिरायला तयार होईना आणि रोगी खाटेसकट मागे सरकू लागला, की तिला सेवानिवृत्त करायचं. त्यासाठी ड्रेसिंगच्या खोलीला मागं एक खिडकी होती.

खिडकीतून सुयाच जात असं नाही. रक्ताचा कापूस, पुवाच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या कुप्यांची मोडलेली मुंडकी, फुटलेली सलाईनची बाटली, सगळं तिथूनच जाई. खिडकीखाली साचलेला ढीग पावसात कुजे, उन्हाळ्यात वाळे, आणि वैशाखात सरपंच आनंदराव तो बैलबंडीत भरून नेत. खत म्हणून. ढिगाला लागूनच त्यांची धानाची मोठी बांधी होती. तिच्यातला धान गावात सगळ्यात चांगला येई, आणि त्यावरून आनंदरावांनी एक सिद्धांत मांडला होता.

"लोक औषध अर्धं पेतात, अर्धं सांडतात," ते चावडीवर समजावत. "सांडलेलं कुठी जाते? ढिगात. ढीग कुठी जाते? माह्या बांधीत. मंग आता सांगा, माह्या धानाले कधी करपा आला काय?"

करपा आला नव्हता हे खरं. बांधी तळ्याच्या पाळीखाली होती आणि पाळीतून बारा महिने पाणी झिरपत असे, हेही खरं. पण दर दिवाळीला आनंदरावांकडून श्यामरावांच्या घरी पायलीभर चिन्नोर येई. चिन्नोरचा भात शिजू लागला की घरभर जो वास सुटतो, तो घेतल्यावर शास्त्रावर वाद घालण्याची माणसाची इच्छा राहत नाही. श्यामराव तर एकदा म्हणाले होते, की बी-कॉम्प्लेक्समुळं लोंबीला भर येते.

शकुनबाई एकोणऐंशी साली, पोळ्यानंतर, रोजंदारीवर अटेंडंट म्हणून लागली. करडीकडची. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, हाडांनी रुंद, आणि बोलण्यात कंजूष. पहिल्याच दिवशी झाडू मारता मारता ती मागच्या खिडकीपाशी थांबली आणि बराच वेळ खाली पाहत राहिली.

"कंपाउंडर भाऊ, हे खाली कोणं टाकलं?"

"दवाखान्यानं."

"उचलते कोण?"

"सरपंच. खत म्हणून नेतात बांधीत."

"अन् त्या बांधीत रोवणीले कोण जाते?"

भातलावणीचा हा प्रश्न श्यामरावांना आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरचा वाटला. "बाया जातात. आणखी कोण जाईन?"

"पायात काय घालून?"

"रोवणीले चप्पल घालून कोण जाते बाई," श्यामराव हसले. "तू रोवणी कधी केली नाही काय?"

"वीस वर्षं केली," शकुनबाई म्हणाली. तिनं खिडकी लावली आणि दुपारच्या सुट्टीत चौकटीला तीन खिळे ठोकून ती कायमची बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. डॉक्टर त्या दिवशी नवीनच आले होते. त्यांना वाटलं, ती खिडकी पहिल्यापासून तशीच असावी.

पुढं कधीतरी सिस्टरनं खोदून विचारलं तेव्हा कळलं. शकुनबाईची धाकटी जाऊ, रुखमिणी. रोवणीत टाचेत काच गेली. बोटभर जखम, तिच्यावर हळद दाबली आणि पुन्हा चिखलात उतरली. आठव्या दिवशी दातखीळ बसली, दहाव्या दिवशी गेली. धनुर्वात. तिची चार वर्षांची पोरगी आता शकुनबाईच्या घरी वाढत होती. "काच कोणाच्या घरची होती?" सिस्टरनं विचारलं. "काचेवर नाव नव्हतं जी," शकुनबाई म्हणाली, आणि बादली उचलून निघून गेली.

खिडकी बंद झाल्यावर दवाखान्याची मोठी पंचाईत झाली. फेकायचं कुठं? शकुनबाईनं तेही ठरवून ठेवलं होतं. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला तिनं गल्ल्याला असते तशी चीर पाडली. मोडकी सुई, कुपीचं मुंडकं, काच, सगळं त्या चिरेतून आत. हात आत जात नव्हता आणि आतलं बाहेर येत नव्हतं. डबा भरला की ती त्यात चुना आणि चिखल ओती, आणि तो वाळून दगड झाला की संडासाला लागून तिनंच खणलेल्या त्या खड्ड्यात. रक्ताच्या पट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर. सकाळी पिंपात, धानाच्या तुसाबरोबर पेटवून. तूस भडकत नाही, पण एकदा धरलं की लोखंड तापवेल असं आतून जळत राहतं, हे तिला चुलीनं शिकवलेलं. हात म्हणून ती कशाला लावत नसे. लोहाराकडून हातभर लांब चिमटा घडवून घेतला होता. सिस्टरचे रबरी मोजे फाटून फाटून चिकटवण्यापलीकडं गेले, की ते शकुनबाईला मिळत. ती दोन फाटके एकावर एक चढवी. "याचं भोक त्याच्या भोकावर येत नाही," ती सांगे.

बाळंतिणीची वार घरच्यांना अंगणात पुरायला हवी असे. पूर्वी ती कागदात गुंडाळून देत, आणि वाटेत कुत्री मागं लागत. शकुनबाई चुना घातलेल्या मडक्यात ती बांधून देई आणि स्वतः सोबत जाई. खड्डा गुडघाभर झाला नाही तोवर मडकं हातातून सोडत नसे. एका आजोबानं "आमच्या घरच्या कामात सरकार काहून?" असं विचारलं, तर म्हणाली, "सरकार नाही जी, मी आहो. खणा."

पण खरा घोटाळा झाला सुयांचा. शकुनबाईच्या मते, ज्याची मोजदाद नाही ते हरवतं, आणि जे हरवतं ते पायात निघतं. म्हणून उकळलेल्या सुयांचं ताट तिनं स्वतःच्या टेबलावर घेतलं आणि नियम सांगितला.

"सुई न्या, चप्पल ठेवा."

"म्हणजे काय?" सिस्टर निर्मलाबाई म्हणाल्या.

"सुई परत आली की चप्पल परत. नाही आली, तर शोधा."

"शकुनबाई, मी सिस्टर आहो. नागपूरले शिकली."

"हाव जी. म्हणून एकच ठेवायले सांगून राहिली."

आठवड्याभरात दवाखान्यातला प्रत्येक माणूस एका चपलेवर चालू लागला. डॉक्टर सुरुवातीला बूट घालत. दिवसातून तीस वेळा नाडी सोडून बांधून त्यांची बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी मोहाडीच्या बाजारातून चपला आणल्या. एका पायात चप्पल घालून ते वॉर्डात फिरत तेव्हा एक पाय टप, एक पाय फत असा आवाज येई. डॉक्टर लंगडे आहेत अशी तीन गावांत बातमी पसरली, आणि एका म्हाताऱ्यानं तपासणी झाल्यावर हळूच त्यांच्या हातात झाडपाल्याच्या तेलाची बाटली दिली. "कोणाले सांगू नका," तो म्हणाला, "माह्या भावालेही असंच होतं."

पण सुया हरवायच्या थांबल्या. एकूण एक. एकदा एक सुई गादीत सापडली, एकदा सिस्टरच्या अंबाड्यात. चप्पल अडकली नसती तर दोन्ही कायमच्या तिथंच राहिल्या असत्या.

उरला होता खिडकीखालचा जुना ढीग. रेती चाळायची मोठी चाळणी आणून शकुनबाई काम संपल्यावर तो थोडा थोडा चाळत असे. वैशाख आला तेव्हा अर्धा चाळून झाला होता. उरलेल्या अर्ध्यावर तिनं बोरीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या. एके सकाळी सरपंच आनंदराव बंडी घेऊन आले. बंडीवर त्यांचा गडी धनीराम.

"काट्या काढ बाई," आनंदराव म्हणाले.

"चाळलेलं न्या जी. तिकडं आहे. बाकीचं दिवाळीनंतर देईन."

"चाळलेल्यात काय राह्यलं? औषध तं तू काढून घेतलं."

"काच काढली."

"काचेलेच औषध लागून असते," आनंदराव म्हणाले. धनीरामला हे पटलं. त्यानं मान हलवली. "हे पाह्य शकुनबाई. यंदा रोजंदारीवाल्यायची कायम करायची यादी जाऊन राहिली. त्याच्यावर माही सही लागते. माहीत आहे ना तुले?"

शकुनबाईला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. सही झाली तर नोकरी कायमची. नाही झाली, तर पुढच्या साली आषाढात ती पुन्हा कोणाच्या तरी चिखलात, आणि दहाएक वर्षांनी तिच्या शेजारी रुखमिणीची पोरगी.

"सही तुमची आहे जी," ती म्हणाली. "पाय त्या बायायचे आहेत."

आनंदरावांनी बंडी रिकामी वळवली. संध्याकाळी त्यांनी श्यामरावांना बोलावून घेतलं आणि अटेंडंटविरुद्ध तक्रार लिहायला सांगितलं. श्यामरावांचं अक्षर सुंदर होतं आणि सरकारी भाषेवर त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी लिहिलं: 'सदर स्त्री वरिष्ठांचे ऐकत नाही. गावातील प्रतिष्ठितांसही जुमानत नाही. सुईच्या बाबतीत तर प्रत्यक्ष डॉक्टरांवरही विश्वास ठेवत नाही. एकदा नाही म्हटले की नाहीच.' कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. रोवणीच्या वेळी सही होणार होती.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी शकुनबाई मोहाडीला गेली असताना धनीराम पुन्हा बंडी घेऊन आला. श्यामराव व्हरांड्यात होते. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, चिन्नोर डोळ्यांपुढं आणला, आणि म्हणाले, "काट्या मीच काढतो, थांब."

संध्याकाळी शकुनबाई परतली. ढिगाच्या जागी ओली, मोकळी जमीन होती.

"किती बंड्या गेल्या?"

"दोन," श्यामराव म्हणाले.

"भरून?"

"भरून."

ती ओरडली असती तर श्यामरावांकडं उत्तर तयार होतं. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं एक चप्पल काढून तिच्या टेबलापुढं ठेवली आणि सुई मागितली. शकुनबाईनं चप्पल त्यांच्याकडं परत सरकवली.

"असू द्या भाऊ, पायात."

"अन् सुई?"

"सिस्टर टोचतीन."

दोन महिने श्यामराव दवाखान्यात दोन्ही पायांत चपला घालून फिरले. डॉक्टर एका चपलेवर, सिस्टर एका चपलेवर, आणि हे दोन्हींवर. टप टप, टप टप. सगळ्यांना ऐकू येई. सन्मानानं चालणं इतकं लाजिरवाणं असू शकतं, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. घरी त्यांनी दुसऱ्या चपलेचा अंगठा मुद्दाम तोडून पाहिला. बायकोनं तासाभरात शिवून आणला.

आषाढात पाणी भरलं, नांगरट झाली, चिखल झाला, धानाच्या रोपांचे पऱ्हे हातभर वाढले. रोवणीच्या बायांची प्रमुख सत्यभामाबाई. शकुनबाई तिच्या दारात जाऊन बसली.

"सरपंचाच्या मोठ्या बांधीत उतरू नका बाई. काच आहे. सुया आहेत."

"सरपंचाची बांधी सोडली, तं उद्या काम कोण देईन? तू?"

"मी नाही देऊ शकत. पण पाय गेला, तं सरपंचही नाही देऊ शकत." मग थोड्या वेळानं: "रुखमिणी तुमच्याच ओळीत होती त्या दिवशी."

सत्यभामाबाई सुपातला तांदूळ निवडत राहिली.

रोवणीच्या दिवशी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत जागोजाग टाकून झाल्या, आणि वीस-बावीस बाया बांधाच्या धुऱ्यावर बसून राहिल्या. पाय वर घेऊन. आनंदराव आले. मागोमाग श्यामराव, कारण तक्रारीवर सही त्याच दिवशी व्हायची होती. शकुनबाई आधीच तिथं होती. एका हातात ट्रे आणि लांब चिमटा, दुसऱ्या हातात उकळलेल्या पाण्याची झाकलेली बादली.

"काहून बसल्या?" आनंदरावांनी विचारलं.

"काच आहे म्हणते शकुनबाई," सत्यभामाबाई म्हणाली.

"काच? हे दवाखान्याची बांधी आहे. हिच्यात औषध आहे औषध." आनंदरावांनी धोतर खोचलं, चपला धुऱ्यावर काढल्या. "हे पाहा. मी जाऊन दाखोतो."

"सरपंच साहेब, चप्पल घालून जा जी," शकुनबाई म्हणाली.

"रोवणीले चप्पल घालून कोण जाते?"

हे वाक्य आपण कुठं ऐकलं आहे, असं श्यामरावांना वाटलं. मग आठवलं, की ते आपलंच.

आनंदराव चिखलात उतरले आणि निवडणुकीतल्यासारखी दमदार पावलं टाकत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेले. काही झालं नाही. परत आले. काही झालं नाही. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. तिसऱ्या फेरीत त्यांना मधोमध थांबून बोलण्याचा मोह झाला. "आपल्या गावात अडाणी लोकायच्या नादी लागून," त्यांनी सुरुवात केली, "आज वीस बाया," आणि भाषण तिथंच थांबलं. आनंदरावांचं भाषण मध्येच थांबण्याची ही जांभुळटोल्यातली पहिलीच वेळ. त्यांनी डावा पाय वर उचलला आणि तळ्याकाठच्या बगळ्यासारखे उभे राहिले.

कोणी हललं नाही. धनीराम अनवाणी होता; तो धुऱ्यावरच्या धुऱ्यावर दोन पावलं मागं सरकला. तिथं पायात चपला असलेला माणूस एकच होता, दोन्ही चपला असलेला. श्यामराव उतरले. कोणी सांगितलं नव्हतं. आनंदराव अंगानं भरलेले आणि श्यामराव पोस्टकार्डासारखे. तरी त्यांनी सरपंचांना पाठीवर घेतलं आणि पावलागणिक मांडीपर्यंत रुतत बाहेर आणलं. धुऱ्याजवळ आले तेव्हा चिखलानं त्यांची डावी चप्पल ओढून घेतली, ती कायमची.

बंडीतून आनंदरावांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाचेतून सुई काढली. अर्धी मोडलेली, काळी पडलेली. आता धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं होतं. सिस्टर आनंदरावांचा पाय धरून बसल्या होत्या, म्हणून सुई आणायला श्यामराव गेले. शकुनबाईच्या टेबलापुढं ते उभे राहिले आणि उरलेली एक चप्पल काढली. तिच्यावर शेरभर चिखल होता.

शकुनबाईनं ती पाहिली. "दुसरी कुठी गेली?"

"बांधीत."

आतून आनंदरावांचा आवाज आला. "बाई, आधी टोचा, मंग चपला मोजा."

"आधी मोजल्या नाही, म्हणून तं तुमच्या पायात आली जी," शकुनबाई तिथूनच म्हणाली. मग तिनं श्यामरावांची चप्पल दोन बोटांनी उचलली, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत नीट लावली, आणि ताटावरचं झाकण काढलं. "घ्या भाऊ."

श्यामराव ताठ मानेनं आत गेले. अनवाणी. पानठेल्यावर ही जागा आली की ते थोडा वेळ सुपारीच कातरत बसत.

टाचेतली सुई शकुनबाईनं चिमट्यात धरून पाहिली. "माह्या आधीची आहे," ती म्हणाली. "तरी जमा." आणि ती चिरेतून डब्यात टाकली. टिण्‌ असा आवाज झाला.

पुढचे दहा दिवस आनंदरावांनी कसे काढले ते देवाला माहीत. दातखीळ बसते का, हे कळायला बोलून पाहणं हा एकच उपाय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते अखंड बोलत राहिले. झोपेतून उठून बायकोला विचारत, "माहं तोंड उघडून राहिलं ना?" ती म्हणे, "बंद कधी झालं होतं?" अकराव्या दिवशी ते काठी टेकत दवाखान्यात आले, शकुनबाईच्या टेबलासमोर उभे राहिले, आणि दहा दिवस बोलून झाल्यामुळं की काय, त्यांना शब्दच सापडेना. शेवटी म्हणाले, "बांधी यंदा पडीक ठेवली."

"बरं केलं जी."

"चाळणी देशीन काय? दिवाळीनंतर?"

दिवाळीनंतर बांधी वाळली तेव्हा आनंदरावांनी गडी लावून वीतभर थर खरवडून काढला. शकुनबाईनं त्यांना आधी आपल्यासारखे लांब चिमटे घडवून आणायला लावले, आणि पायताणाशिवाय कोणाला आत सोडलं नाही. आनंदराव धुऱ्यावर खाटेवर पाय लांब करून बसले आणि देखरेख केली. निघाल्या एकशे सदतीस काचा, अकरा सुया, दात उपटायचा एक चिमटा, आणि श्यामरावांच्या चष्म्याची डावी काच, जिच्या चोरीबद्दल त्यांनी सिस्टरवर चार वर्षं संशय घेतला होता. चप्पल मात्र निघाली नाही.

पुढच्या साली त्या बांधीत धान चांगला आला. आनंदरावांनी सिद्धांत किंचित दुरुस्त केला: जमीन चाळल्यामुळं लोंबीला भर येते.

यादी गेली ती बांधी पडीक होती त्याच साली. ती जायच्या आदल्या दिवशी श्यामरावांनी खिशातला कागद काढला. चिखलाचे डाग पडले होते, पण अक्षर शाबूत होतं. ते पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की एक शब्दही बदलायची गरज नाही. वरिष्ठांचे ऐकत नाही. प्रतिष्ठितांस जुमानत नाही. डॉक्टरांवरही विश्वास ठेवत नाही. एकदा नाही म्हटले की नाहीच. त्यांनी विषयाच्या ओळीतला 'तक्रार' हा शब्द खोडला, तिथं 'शिफारस' लिहिलं, आणि आनंदरावांनी खाली सही केली. त्या दिवाळीला चिन्नोर आला तो दोन पायली. एक श्यामरावांकडं, एक शकुनबाईकडं. तिनं परत पाठवला, सोबत निरोप: "काच नाही ना पाहून घ्या."

शकुनबाई कायम झाली. त्र्याऐंशी साली तिच्या खड्ड्याची कीर्ती भंडाऱ्याला पोचली आणि जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः सत्काराला आले. शाळेसमोर मंडप, सतरंजी, लाऊडस्पीकर. मंचावर साहेबांसाठी गादीची खुर्ची. पाहुण्यांच्या छातीवर लावायला सिस्टरनं कागदी फुलं केली होती. टाचण्या अर्थातच शकुनबाईकडून घ्याव्या लागल्या. एकवीस. मंचावर चढताना पाहुण्यांनी पादत्राणं खाली काढली, आणि ती कोणी तरी प्रत्येकाचं डावं तेवढं उचलून टेबलाखाली लावून ठेवलं, हे फक्त साहेबांच्या ड्रायव्हरनं पाहिलं. तो नवीन होता. त्याला वाटलं, गावची रीत असावी.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. फोटो होताच शकुनबाई ट्रे घेऊन मंचावरून फिरली आणि फुलं गोळा केली. साहेबांचं फूल घेऊन ती खाली उतरली तेव्हा साहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. "हा खड्डा नाही," ते म्हणाले, "हा या देशाच्या आरोग्याचा पाया आहे. मोठमोठ्या शहरांतल्या दवाखान्यांनी इथं येऊन शिकावं. या माउलीनं किती पाय वाचवले, किती हात वाचवले, याची गणती कोणी करू शकणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाईनं पदरानं डोळे पुसले. हा पाया पुढं आपल्याला आयुष्यभर पुरेल, हे श्यामरावांनी तिथल्या तिथं ओळखलं. साहेबही हेलावून गेले होते, खुर्चीत बसता बसता माइक ओढून म्हणाले, "बाई, आज काय पाहिजे ते मागा. संकोच करू नका. मी शब्द देतो."

"स्टेरिलायझर मागा," श्यामराव खालून कुजबुजले. "अन् नवे मोजे." दुसऱ्या बाजूनं आनंदराव म्हणाले, "एसटीचा थांबा माग शकुनबाई, एसटीचा थांबा."

शकुनबाई मंचावर आली. तिच्या हातात ट्रे होता. तिनं माइकपुढं उभं राहून त्यातलं पुन्हा एकदा बोटानं मोजलं.

"साहेब," ती म्हणाली, "टाचण्या एकवीस दिल्या होत्या जी, वीस आल्या. तुमच्या फुलाले नाही आहे. जरा उठून पाहता काय?"